कमानपाटा

हडपसरला गाडीतळाजवळ, पुलाच्या सावलीत,
झुंबरबाई साळुंखेनं तो माझ्यादेखत घडवला.
ट्रकचा कमानपाटा. किती खड्डे सोसले असतील त्यानं,
कोणाची ऊस-वीट-वाळू पाठीवर घेऊन.
सांडशी नवऱ्याच्या हातात, घण तिच्या.
"भाजीला का नारळाला?" तिनं विचारलं.
मी म्हटलं, डोंगराला.
ती हसली नाही.
पाठ जाड ठेवली, पाच रुपयांची दोन जुनी नाणी
एकावर एक ठेवावीत एवढी,
आणि मूठ बाभळीची.

मार्केट यार्डात मी आडतीचे हिशेब लिहिते.
बोटांना कार्बनची सवय.
पहिल्याच रविवारी, वेल्ह्याच्या वर,
मारलेला घाव लाकडावरून घसरला
आणि बुटाच्या टोकाला शिवून गेला.
धाकू मरगळे म्हशी सोडून बघत उभा होता.
"ताई, पाय कुठंय ते आधी बघा.
मग लाकूड कुठंय ते."
एवढंच. पुन्हा म्हशींकडे.

त्याच्याकडून वाक्यं मिळत गेली,
महिन्याला एखादं.
उभं वाळलेलं असताना हिरव्याला हात लावू नये.
कारवी तिरकी छाटावी, बुडख्यात पाणी साचत नाही.
भिजल्या ओंडक्याच्या पोटात कोरडं असतंच:
पातं डोक्यावर टेकवायचं,
दुसऱ्या दांडक्यानं पाठीवर ठोकत जायचं,
गाठ आडवी आली तर थांबायचं, फिरवायचं,
पुन्हा ठोकायचं,
चर्रर्र,
आणि आत गव्हाळ, कोरडं, वासाचं.
मग तेच धूड मुठीपाशी धरून
बटाटा सोलावा तशा हातानं
काठीवर कुरळ्या साली उभ्या करायच्या,
न तोडता. तुटल्या की गेल्या.
त्याचं एका काडीत पेटतं.
मला तीन लागतात, वारं नसलं तर.

आणि कोयता कुणाच्या हातात द्यायचा नाही.
भुईवर ठेवायचा, ज्याला हवा त्यानं उचलावा.
"नाहीतर?"
"नाहीतर भांडणं."

घरी तो माळ्यावर असतो.
समोरच्या काकडेबाईंनी नारळ फोडायला मागितला,
मी नारळ घेतला आणि फोडून नेऊन दिला.

परवा रात्री साडेआठला
धायरी फाट्यावर नाकाबंदी.
शहरात कोयत्यांचे दिवस आहेत.
सोळा-सतराची पोरं, फुटलेल्या काचा,
पेपरात रोज दोन रकाने.
हवालदारानं माझ्या पायाशी ठेवलेलं गोणपाट सोडलं
तशी शेजारच्या मोटारसायकलवरची जोडी
गाडीसकट मागे सरकली.
"बाई, हे काय?"
काय सांगणार. म्हटलं, सरपण.
तरुण शिपायानं मोबाईल काढला, फोटो घेतला,
एक आडवा, एक उभा.

हवालदार मात्र दिव्याखाली पातं फिरवत राहिला.
चिकाचे काळे डाग. पाठीवर ठोकल्याच्या चेपा.
मुठीच्या फटीत अडकलेली कारवीची साल.
अंगठ्याच्या नखावर धार नुसती टेकवली.
"पुढून बोथट झालाय.
बुडाकडंच घासताय तुम्ही."
नाव विचारलं. आडतीचं नाव विचारलं.
"हात दाखवा."
हे मला आवडलं नाही,
तरी दाखवले. उजव्या तळव्यावर दोन घट्टे,
एक अजून ओला.

वहीत काहीतरी लिहिलं, सावकाश,
जोडाक्षरांशी झटत.
मग पातं गोणपाटात गुंडाळलं, सुतळी आवळली,
माझ्या गाठीपेक्षा चांगली गाठ,
आणि मी हात पुढे केला तेव्हा
हाताकडे न बघता
तो वाकला, पोट सांभाळत,
आणि कोयता डांबरावर ठेवला.

मी उचलला.
गाव कुठलं, विचारायला हवं होतं.
मागचा टेम्पो फार हॉर्न वाजवत होता.